१२ वर्षांखालील फुटबॉल क्लब (खान्देश) : मैदान, सराव, वयाचे दाखले, उन्हाळा

तापीकाठ (धागाकर्ता)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ८ ते १४ वयाच्या पोरांचा क्लब चालवणाऱ्यांसाठी हा धागा काढतोय. मैदान क्रिकेटवाल्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं, माती काळी आहे आणि मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो, एवढं गृहीत धरूनच लिहावं. युरोपातल्या अकादमींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

सुरुवात एका हिशेबाने करतो. आपल्याकडे १२ वर्षांखालची स्पर्धा म्हणजे बाद पद्धत, अकरा-अकरा, मोठ्यांचं मैदान आणि २४ बाय ८ फुटांचा मोठ्यांचाच गोल. १६ संघ आले तर एकूण सामने १५. त्यातले ८ संघ एक सामना हरून दुपारच्या एसटीने घरी. राखीव पोरांच्या बुटांना तर मातीही लागत नाही. तेच १६ संघ चार-चारच्या चार गटांत सात-सात खेळवले, तर नुसत्या गटांतच २४ सामने होतात आणि सगळ्यात कच्च्या संघालाही ३ मिळतात. त्यात पोरांनाही सगळ्यांना सारखी मिनिटं द्या.

जागा वाढवून लागत नाही. १०० बाय ६० मीटरच्या मैदानावर आडवी दोन मैदानं आखा, प्रत्येकी ५५ बाय ३७. गोल १२ बाय ६ फूट. १५-१५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये ५ मिनिटं, पुढचे संघ उतरायला १०, म्हणजे एका सामन्याला ४५ मिनिटं. दोन मैदानांवर १२ फेऱ्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी ८ ते साडेबारा धरलं तर एका रविवारी ६ फेऱ्या बसतात, दोन रविवारांत गट संपले.

शालेय स्पर्धा आणि सुब्रतो चषक (१९६० पासून चालू) यांची वाट ठरलेली आहे: तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. ती बाद पद्धत आपल्या हातात नाही. क्लबांची आपसातली स्पर्धा मात्र आपल्याच हातात आहे आणि तीही आपण तशीच भरवतो, वर डीजे लावतो.

पालक क्र. १

मुद्दा पटला, पण पालक फी देतात ते चषकासाठी. फेसबुकवर फोटो नाही आला तर पुढच्या महिन्यात पोरगं कराटेला. शिवाय दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळतात ते शालेय स्पर्धेतल्या कामगिरीवर, सात-सातच्या रविवारच्या खेळावर नाही. क्लबने जिंकायचंच नाही का?

डावा पाय

जिंकायचं ना, पण कुणाच्या जिवावर, ते बघा. अकराव्या वर्षी सामना जिंकायची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. उंच पोरगा मागे, त्याने चेंडू लांब फेकायचा. सगळ्यात पळणारा पुढे, त्याने तो गाठायचा. जाड पोरगा गोलकी. मधल्या सहा जणांनी माना वर करून चेंडू जाताना बघायचा. चषक मिळतो. १५व्या वर्षी बाकीच्यांची उंची सारखी झाली की उंच पोराला पास देता येत नाही, पळणाऱ्याला वळता येत नाही आणि मधले सहा कधीच सोडून गेलेले असतात. गुणांसाठी १४, १७, १९ वर्षांखालचे संघ लागतात. ते बनवायला हेच मधले सहा हवेत.

आता सराव. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार म्हणजे एक रांग, एक गोल, एक चेंडू, सर पास देणार आणि पोरगा मारणार. १६ पोरं, एका पाळीला १० सेकंद. २० मिनिटांत १२० पाळ्या, म्हणजे एका पोराला ७ किंवा ८. बाकीचा वेळ पुढच्याच्या पाठीत गुच्चे.

१६ पोरं, ८ चेंडू, २० कोन (नसतील तर विटा नकोत, पायाला लागतात, जुन्या चपला चालतात) आणि ७५ मिनिटं असतील तर असं करा:

पहिली १० मिनिटं येईल त्याने चेंडू घ्यायचा, दोघांत एक. एक चेंडू राखतो, दुसरा काढतो. उशिरा येणारा थेट यात शिरतो, त्यामुळे हजेरीसाठी कुणी थांबत नाही.

पुढची १५ मिनिटं चार जण बाहेर, एक आत. ८ बाय ८ मीटरचा चौक. १६ जणांत तीन चौक होतात, एकात आत दोन जण ठेवा. सगळे हाच खेळ घेतात, पण चौकाचं माप कुणी बदलत नाही. सलग १० पास सहज होत असतील तर चौक ७ मीटरचा करा. तीनच्या वर जातच नसतील तर १० चा. मोठ्या चौकात आतला दमून उभा राहतो, लहान चौकात बाहेरचे नुसतं टोलवतात. दोन्हीत शिकणं शून्य.

मग २० मिनिटं दोन-दोन, छोटे गोल, २० बाय १५ मीटर. दीड मिनिट खेळ, दीड मिनिट आराम. शेवटची २५ मिनिटं चार-चारचे दोन सामने शेजारी शेजारी, ३० बाय २० मीटर, गोलकीशिवाय. सरांनी शिट्टी खिशात ठेवायची. उरलेल्या ५ मिनिटांत पाणी आणि चेंडू मोजणी.

गिरणा डावा कालवा

बरोबर शे भो. पोरेसले खेयू द्या ना! सर इतके ओरडतात की पोरगं चेंडूकडे नाही, सरांकडे बघून खेळतं.

वाफसा

मैदानाबद्दल लिहितो, कारण त्यावाचून वरचं सगळं कागदावर राहतं.

काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते. एप्रिलमध्ये भेगांत पोराचा अख्खा पाय जाईल अशी अवस्था, जुलैत बुटाला दोन-दोन किलो चिखल. यावर लोक पहिली चूक करतात ती म्हणजे वरून वाळूची ट्रॉली ओतणे. वाळू मातीत मिसळते आणि उन्हाळ्यात ते मिश्रण विटेसारखं कडक होतं.

खर्च झेपत असेल तर वरची १५ सेंमी काळी माती काढून तिथे चाळलेला मुरूम भरा. चाळलेला म्हणजे खरोखर चाळलेला, नाहीतर गुडघ्यांची सालपटं निघतात. मधोमध उंच, कडेला उतार, १०० ला १ या प्रमाणात. मैदान ५० मीटर रुंद असेल तर मध्यरेघ कडेपेक्षा २५ सेंमी उंच. दोन्ही कडांना चर, आणि चराचा शेवट कुठेतरी नाल्यात. तो शेवटच लोक विसरतात, मग चराचं तळं होतं.

खर्च झेपत नसेल तर निदान रोलर वेळेवर फिरवा. शेतकऱ्याला सांगायला नको, वाफशावर. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये. ओल्यावर फिरवला तर माती रोलरला चिकटून खड्डे पडतात, वाळल्यावर फिरवला तर नुसता आवाज. पावसानंतर हा वाफसा दीड-दोन दिवसच टिकतो, तेव्हा रोलर आधीच सांगून ठेवा.

आणि सराटे. चेंडू पंक्चर होण्याचं आपल्याकडचं क्रमांक एकचं कारण. पावसाळ्यात वेल जमिनीला चिकटून पसरतात आणि बारकी पिवळी फुलं येतात. फुलं दिसली की मुळासकट उपटा, काटे धरायच्या आत. एकदा काटे सुकून पडले की नांगरट किंवा रोटाव्हेटर मारू नका, बी खाली गाडलं जातं आणि पुढची काही वर्षं उगवत राहतं. पडलेल्या काट्यांसाठी जुनं गोणपाट ओलं करून, वर एक टायर ठेवून, दोघांनी दोरीने मैदानभर हळू ओढायचं. काटे गोणपाटात रुततात. चार-पाच फेऱ्यांनी गोणपाट उलटं करून बघा, साळिंदरासारखं दिसतं. ते मैदानाच्या कडेला झटकायचं नाही, जाळून टाकायचं.

शिट्टी

@वाफसा, गोणपाटाचं वाचून खूण साठवली.

आखणीचं राहिलं. दोरीने डोळ्याच्या अंदाजाने आखलेलं मैदान हमखास तिरकं होतं, एका बाजूचा कॉर्नर दुसऱ्यापेक्षा चार पावलं लांब. एक कोपरा धरा. कडेच्या रेघेवर ३० फुटांवर खुंटी, गोलरेघेवर ४० फुटांवर खुंटी, दोन्ही खुंट्यांमधलं अंतर बरोबर ५० फूट भरलं की कोन काटकोन. चारही कोपऱ्यांना करा, मगच फक्की मारा. फक्कीत कळीचा चुना मिसळू नका. ओल्या जमिनीवर तो तापतो, आणि पडलेल्या पोराच्या डोळ्यात गेला तर डोळा जळतो. खडूची पूड घ्या.

गोल जमिनीत पुरलेले नसतील तर ते धोक्याचे. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि लोखंडी चौकट पुढे उलटते. सरावाच्या १२ बाय ६च्या गोलांनाही मागच्या खालच्या पाइपवर वाळूच्या तीन गोण्या, प्रत्येकी २५-३० किलोच्या, सुतळीने आवळून बांधा. युरियाच्या रिकाम्या गोण्या चालतात, पण उन्हाने एका उन्हाळ्यात विरतात, म्हणून एकात एक अशा दोन घाला. सामना सुरू करण्याआधी दांडा दोन्ही हातांनी पुढे ओढून बघणं हे पंचाचंही काम आहे, फक्त आयोजकाचं नाही.

चेंडूफळी

चेंडू कुठला द्यावा? आमच्याकडे ५ नंबर सगळ्यांना, कारण शाळेच्या स्पर्धेत तोच येतो. सवय लवकर झालेली बरी ना?

डावा पाय

नाही. ५ नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंमी घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा. नऊ वर्षांच्या पोराला तो उचलून मारायला सगळं अंग मागे टाकावं लागतं. ती मागे झुकायची सवय नंतर सुटत नाही आणि शॉट कायम गोलावरून जातो. ९ पर्यंत ३ नंबर, तिथून १४ पर्यंत ४ नंबर (६३.५ ते ६६ सेंमी, ३५० ते ३९० ग्रॅम). शालेय स्पर्धेच्या आधी तीन-चार आठवडे ५ नंबर दिला की पुरतं.

हवा: नियमात ०.६ ते १.१ वातावरण दाब आहे, पंपाच्या काट्यावर साधारण साडेआठ ते साडेपंधरा पीएसआय. आपल्या कडक मैदानावर खालच्या टोकाला, ९च्या आसपास ठेवा. दगडासारखा फुगवलेला चेंडू मुरमावर गुडघ्याइतका उसळतो, मग पोरं तळव्याखाली दाबून थांबवायला शिकतात.

हे तळव्याखाली थांबवणं नीट बघा एकदा. चेंडू येतो, पोरगं त्याच्या समोर चौरस उभं, पाय वर उचलून तळवा ठेवतं. चेंडू मेला. आता त्याला डोकं वर करायचं, पाय मागे घ्यायचा, वळायचं. तोवर समोरचा अंगावर. त्याऐवजी चेंडू निघायच्या आधीच एकदा खांद्यावरून मागे बघायचं, अंग अर्धं वळवून उभं राहायचं आणि चेंडूपासून लांबच्या पायाच्या आतल्या बाजूने तो जाऊ द्यायच्या दिशेनेच ढकलायचा. थांबवणं आणि वळणं एकाच स्पर्शात. शिकवायला सोपी युक्ती: पास देणाऱ्याच्या पाठीमागे नाही, तर घेणाऱ्याच्या पाठीमागे एक पोरगा उभा करा. त्याने बोटं वर करायची, दोन किंवा तीन. घेणाऱ्याने चेंडू पायाला लागायच्या आत आकडा सांगायचा. आठवड्याभरात मान आपोआप फिरायला लागते.

अमळनेरी

पावसाळ्याचं काय? जुलै-ऑगस्टमध्ये शालेय स्पर्धा डोक्यावर आणि मैदान चिखलात.

डावा पाय

शाळेचं बास्केटबॉलचं सिमेंटचं कोर्ट बघा. २८ बाय १५ मीटर, चार-चारला झकास. फक्त नेहमीचा चेंडू नको, तिथे फुटसालचा (कोर्टवरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलचा) चेंडू घ्या: ६२ ते ६४ सेंमी घेर, ४०० ते ४४० ग्रॅम, आणि उसळी मुद्दाम मेलेली. २ मीटरवरून सोडला तर पहिली उसळी ५० ते ६५ सेंमीच यायला हवी, दुकानात मोजूनच घ्या. चेंडू जमिनीला राहतो, जागा कमी, विचार लवकर करावा लागतो. बूट सपाट तळाचे. शेवाळ धरलेलं कोर्ट असेल तर आधी ब्लीचिंग पावडरने घासून घ्या, नाहीतर मनगटं मोडतात.

हाडवैद्य नव्हे

फिजिओथेरपीच्या बाजूने चार गोष्टी.

टाच. ८ ते १४ वयात टाचेच्या हाडाची वाढीची चकती अजून जुळलेली नसते. कडक जमीन, खाली टोकदार स्टड, आणि रोजचा सराव, की टाच दुखायला लागते. पोरगं चवड्यावर चालायला लागतं. टाच दोन्ही बाजूंनी अंगठा-बोटाने दाबली आणि ओरडलं, की बहुधा हेच. एप्रिल-मेच्या सुकलेल्या काळ्या मातीवर लांब स्टडचे बूट घालूच नयेत, बारीक रबरी दाण्यांचे टर्फचे बूट घ्या. तसंच गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर उंचवटा आणि दुखणं, हे १० ते १५ मध्ये. दोन्हीत सराव पूर्ण बंद करायची गरज क्वचित पडते. उड्या आणि वेगाने पळणं कमी करायचं, बर्फ लावायचा, दुखणं हटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे. तेल लावून चोळणं नको.

उंची. दर तीन महिन्यांनी भिंतीला पट्टी लावून उंची मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांत २ सेंमीहून जास्त वाढ दिसली की पोरगं झपाट्याने वाढतंय. मुलींमध्ये हे साधारण ११-१२ ला, मुलांमध्ये १३-१४ ला. या काळात पाय लांब झालेले, स्नायू मागे राहिलेले, म्हणून चांगला खेळणारा पोरगा अचानक अडखळायला लागतो. सर म्हणतात, लक्ष नाही, मोबाईल बघतो. मोबाईल बघतही असेल, पण कारण ते नसतं. सहा महिने ते एक वर्ष थांबा.

गरम होणं. फिफाचा ११+ हा कार्यक्रम फुकट मिळतो, सुमारे २० मिनिटांचा: ८ मिनिटं पळणं, १० मिनिटं ताकद-तोल-उड्या, २ मिनिटं वेगाने पळणं. तो १४ च्या पुढच्यांसाठी, आठवड्यातून किमान दोनदा. लहानांसाठी वेगळी आवृत्ती आहे. मैदानाला पाच चकरा म्हणजे गरम होणं नव्हे.

हेडिंग. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्ये १० आणि त्याखालच्यांना हेडिंग बंद केलं, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्राथमिक शाळेच्या वयात सरावात हेडिंग घेत नाहीत. आपल्याकडे कोच अजून लांबून चेंडू फेकून रांगेने डोकी आपटायला लावतात. थांबवा.

रावेरची केळी

उन्हाळा कसा काढायचा? मे महिन्याचं शिबिर हेच बऱ्याच क्लबांचं वर्षाचं उत्पन्न आहे, बंद करता येत नाही.

हाडवैद्य नव्हे

सकाळी ६ ते सव्वासात, बस. संध्याकाळी ७ च्या आधी नको, कारण जमिनीत साठलेली धग ऊन उतरल्यावरही पोटऱ्यांना लागते. दर १५ मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. माठाचं चालेल, फ्रीजचं बर्फासारखं नको, पोरं दोन घोट घेऊन थांबतात. पाण्यात घालायचं असेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटी होते.

पहिल्या आठवड्यात ४५ मिनिटांच्या वर जाऊ नका. शाळेच्या परीक्षेनंतर घरात बसलेलं पोरगं थेट ७५ मिनिटं पळवलं की तिसऱ्या दिवशी कोसळतं. डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं इथेच खेळ थांबवून सावलीत. बडबड असंबद्ध झाली, शुद्ध हरपत असेल, अंग तापलेलं असेल तर अंगावर पाणी ओता, काखेत-मानेवर-जांघेत ओली फडकी ठेवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. पाणी पाजायला जाऊ नका, श्वासनलिकेत जाईल.

खाणं: सकाळी निघताना एक केळं (तुमच्याच तालुक्यातलं), खेळून आल्यावर शेंगदाणे-गूळ आणि ताक. रविवारच्या सामन्याआधी रात्री शेवभाजीची तर्री नको, एवढंच. सामना संपल्यावर हवी तेवढी.

सातपुडापल्याड

नंदुरबारच्या बाजूने वेळापत्रकाचं. मैदान आणि पोरं दोन्ही मिळतील असे महिने मोजकेच आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं जातात, पोरंही. ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी, शाळा सुटली की शेतात. होळीआधी भोंगऱ्या बाजार (आदिवासींचा सणाचा बाजार), त्या आठवड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे सराव ठेवणं म्हणजे रिकाम्या मैदानाची फक्की. श्रावणात कानबाई (देवीचा सण), वैशाखात आखाजी (अक्षय तृतीया). स्पर्धेची तारीख काढताना पुढ्यात कॅलेंडर ठेवून आधी हे खोडा, मग उरलेल्यातून निवडा. आश्रमशाळेतली पोरं मात्र वसतिगृहात असतात. तिथे शाळेच्या वेळेआधी सकाळचा सराव घेतला तर हजेरी पूर्ण मिळते आणि पळण्यात त्यांच्याशी बरोबरी अवघड.

प्रवास: भुसावळ-सुरत मार्ग आपल्याला आयता मिळालाय. भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार एका रेघेत. या गावांचे क्लब मिळून फिरती स्पर्धा करतील तर बस भाड्याने करावी लागत नाही. धुळे, शिरपूर, शहादा रस्त्यानेच. मुलींच्या संघाला एसटीत अर्धं तिकीट लागतं (मार्च २०२३ पासून), म्हणजे उलट मुलींच्या संघाचा प्रवास स्वस्त.

मुलींबद्दल आणखी एक. संघ तुटतो तो खेळाने नाही, मैदानावर स्वच्छतागृह नसल्याने आणि अंधार पडण्याआधी घरी पोचायच्या चिंतेने. दौऱ्यावर किमान एक बाई सोबत, खोलीत कुणी मोठं माणूस एकट्या मुलासोबत नाही, मुलगा असो की मुलगी. पोक्सो कायदा २०१२चा आहे, क्लबच्या नियमांत हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

शिट्टी

वयाच्या दाखल्यांचा विषय कुणीच काढला नाही, गंमत आहे.

जुन्या दाखल्यांवर अर्धा गाव १ जूनला जन्मलेला असायचा, मास्तरांच्या कृपेने. आताच्या पोरांचे जन्म दवाखान्यातले असल्याने ते कमी झालं. अडचण निराळी आहे: ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, शाळेच्या बोनाफाईडवर तिसरं. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नाही, कुठे आडनावाचं स्पेलिंग वेगळं. एआयएफएफच्या (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या) ऑनलाइन नोंदणीत आणि शालेय प्रवेशिकेत हेच अडतं, आणि कळतं ते शेवटच्या दिवशी. पोरगं क्लबात आलं त्याच महिन्यात तिन्ही कागद शेजारी ठेवून बघा, दुरुस्ती लागली तर आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा. उलट क्रमाने केलं तर दोनदा करावं लागतं.

वय चोरून खेळवणाऱ्यांना सांगायचं तर, मनगटाच्या हाडावरून वय तपासतात. फिफा १७ वर्षांखालच्या विश्वचषकात २००९ पासून मनगटाचा एमआरआय करते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, प्रामाणिक दाखल्यांतही वर्षाचा फरक असतो. १ जानेवारीची हद्द धरली तर जानेवारीतला आणि डिसेंबरमधला एकाच गटात. ११व्या वर्षी तो फरक डोक्याएवढा दिसतो. चाचणीच्या दिवशी छातीवर नुसता क्रमांक न लावता जन्ममहिना लिहा. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चचेच भरलेले दिसले तर आपण फुटबॉल निवडला नाही, उंची निवडली.

पालक क्र. १

जन्ममहिना लिहायची कल्पना आवडली. पण या नोंदणीचा क्लबला फायदा काय? कागदपत्रांचा त्रासच.

शिट्टी

फिफाच्या नियमात खेळाडूच्या आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटतात. १२ ते १५ मधल्या प्रत्येक वर्षाला ०.२५ टक्के, पुढच्या प्रत्येक वर्षाला ०.५. खान्देशातून तो दिवस यायचा तेव्हा येवो, पण पोराची नोंद त्या वर्षी आपल्या क्लबच्या नावावर नसेल तर एक रुपया नाही.

त्यासाठी क्लबही कागदावर हवा. किमान ७ जणांची संस्था, १८६०च्या कायद्याखाली नोंदणी, आणि महाराष्ट्रात सोबत धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून, १९५०च्या कायद्याखाली. यात पुढे घोळ होतो तो बदल अर्जाचा. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत अर्ज द्यायचा असतो. तो कुणी देत नाही, आणि पाच वर्षांनी दोन सचिव एकाच बँक खात्यासाठी भांडतात.

चेंडूफळी

कोल्हापूरसारखं व्हायला हवं आपल्याकडे. तालमींचे संघ, शाहू स्टेडियम भरलेलं.

डावा पाय

कोल्हापूरच्या संघामागे पेठ उभी असते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या नावांतच ते आहे, आणि केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) साखळी वर्षानुवर्षं चालत आलेली. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो तिथलाच. गर्दी उसनी आणता येत नाही. दर वर्षी ठरल्या तारखांना होणारी साखळी मात्र आणता येते. आपल्याकडे 'भव्य' स्पर्धा होते एका वर्षी, दुसऱ्या वर्षी आयोजक निवडणुकीत.

अमळनेरी

धागाकर्त्यांना एक विचारायचंय. सगळ्यांना सारखी मिनिटं द्या म्हणणं सोपं आहे. कोच एकटा, समोर सामना, बाजूला पालक बोंबलताहेत. कोण किती खेळलं हे लक्षात कसं ठेवायचं?

तापीकाठ

४० मिनिटांचा सामना १०-१० मिनिटांच्या चार डावांत खेळा. १० पोरं, मैदानात ७, म्हणजे ७ गुणिले ४, २८ जागा. आठ जणांना तीन-तीन डाव, दोघांना दोन-दोन. पुढच्या सामन्यात ते दोघे बदलायचे. बदल डावांच्या मध्येच करायचे, मध्येच ओढून काढायचं नाही. गोलकीही दर डावाला बदला, १२ पर्यंत कायमचा गोलकी नको.

लिहायच्या भानगडीत पडू नका. एक मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर पाच आडव्या रेघा मारा, खालून वर शून्य ते चार. प्रत्येक रेघेवर दोरी ताणा. कपड्यांचे लाकडी चिमटे घेऊन त्यावर पोरांची नावं लिहा. सामना सुरू होताना सगळे शून्याच्या दोरीला. डाव संपला की जे खेळले त्यांचे चिमटे एक दोरी वर. हे काम बाहेर बसलेल्या पोराला द्या, आवडीने करतात. पुठ्ठा पालकांकडे तोंड करून कुंपणाला बांधायचा. दुसरा डाव संपताना शून्याच्या दोरीवर चिमटा राहिला असेल तर तो कोचच्या आधी त्या पोराच्या आईला दिसतो.